अल्पकस सोने आणि शोधनपद्धतीची निवड
वैनगंगेच्या खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

भंडारा जिल्ह्यातील अड्याळ हे गाव भंडारा–पवनी मार्गावर, वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेले आहे. धानाची शेती, मालगुजारी काळापासूनचे तलाव आणि विरळ जंगलाच्या टेकड्या हा या भागाचा परिचित चेहरा होय. सोन्याच्या संदर्भात या प्रदेशाचे नाव सहसा घेतले जात नाही. परंतु भूवैज्ञानिकांना हा प्रदेश साकोली गटाच्या रूपांतरित खडकांसाठी परिचित आहे, आणि या गटातील खडकांत सोन्याचे अस्तित्व आढळलेले आहे. भंडारा व नागपूर या जिल्ह्यांच्या सीमाभागातील कोलारी–भावरी परिसराची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अन्वेषणात सुवर्णयुक्त क्षेत्र म्हणून झालेली आहे. सोने आहे, पण ते थोडे आहे, विखुरलेले आहे आणि गारेच्या शिरांत व शिस्ट खडकांत अडकलेले आहे.

अशा सोन्याविषयी पहिला प्रश्न विचारला जातो तो "किती आहे?" हा. इतिहास पाहता निर्णायक ठरलेला प्रश्न मात्र "ते कोणत्या रीतीने काढावयाचे?" हा आहे. ज्या दगडातून धातू फायद्याने काढता येतो त्यालाच धातुक म्हणतात, ही व्याख्या मुळातच आर्थिक आहे. तोच दगड एका पद्धतीच्या हिशेबात धातुक ठरतो आणि दुसऱ्या पद्धतीच्या हिशेबात निव्वळ खडी. म्हणून अल्पकस धातुकाचा इतिहास हा वस्तुतः पद्धतींच्या निवडीचा इतिहास आहे. ही निवड कोणत्या क्रमाने झाली, कोठे चुकली आणि त्या चुकांची किंमत कोणी मोजली, याचा विचार केल्यास वैनगंगेच्या खोऱ्यातील प्रश्नावरही काही प्रकाश पडतो.

१. झारेकरी आणि सोनझरी

अल्पकस द्रव्यातून सोने काढण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. सराफाच्या दुकानातील केर, भट्टीची राख आणि पेढीसमोरील गटाराचा गाळ विकत घेऊन त्यातून सोन्याचे कण काढणारा झारेकरी हा जुन्या पेठांतील ओळखीचा माणूस होता. केर पाण्यात धुवावयाचा, हलकी माती वाहू द्यावयाची, तळाशी राहिलेल्या जड गाळात पारा घोळवावयाचा आणि सोने धरून बसलेला पारा तापवून उडवून लावावयाचा, ही त्याची रीत. मोठमोठ्या गिरण्यांत पुढे जे घडले त्याची दोन मूलतत्त्वे येथे पुरती दिसतात. सोने जड असते, म्हणून ते पाण्याने वेगळे होते. आणि मोकळ्या सोन्याला पारा पटकन धरतो. पहिल्या तत्त्वावर गुरुत्व-पृथक्करण उभे आहे, दुसऱ्यावर पारदमेलन.

नदीच्या वाळूतून सोने धुणाऱ्या सोनझऱ्यांचे तंत्रही याच जातीचे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात या समाजाची स्वतंत्र नोंद आहे. संबलपूर, मंडला, बालाघाट आणि चांदा हे जिल्हे त्यांच्या वस्तीचे म्हणून तेथे दिले असून १९११ च्या शिरगणतीत त्यांची संख्या सुमारे १,५०० सांगितली आहे. बालाघाट भंडाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि चांदा खालच्या अंगाला. दोन्हींमधून वैनगंगाच वाहते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सोनझऱ्याची पद्धत परवडत असे, याचे कारण सहसा सांगितले जात नाही. सोने काढण्यातील सर्वांत खर्चिक काम दगड फोडून त्याचे पीठ करणे हे आहे, आणि ते काम नदीने लाखो वर्षांत फुकट करून ठेवलेले असते. शिवाय जड कण वळणावर, खडकाच्या कपारीत साचवून नदीने प्राथमिक निवडही केलेली असते. माणसाकडे उरते ती शेवटची धुणी. त्या धुणीची मजुरी मात्र संपूर्ण कुटुंबाच्या श्रमातून येई, आणि कुटुंबाच्या हाती पडे ते जेमतेम पोटापुरते. ही पद्धत स्वस्त होती, कारण तीत राबणारी माणसे स्वस्त होती. पद्धतीचा स्वस्तपणा तपासताना तो कोणाच्या खर्चाने आलेला आहे हे पाहण्याची सवय या पहिल्या उदाहरणापासूनच लावून घेणे योग्य होय.

मूळ शिरेतील सोन्याला ही रीत लागू पडत नाही. तेथे नदीने केलेले काम माणसाला करावे लागते, आणि येथूनच खर्चाचा हिशेब पार बदलतो.

२. वायनाड : गिरणी आधी, कस नंतर

शिरेतील अल्पकस सोन्यावर भांडवल लावण्याचा भारतातील पहिला मोठा प्रयोग १८८० च्या सुमारास मलबार व निलगिरी यांच्या सीमेवरील वायनाडात झाला. तेथील डोंगरांतून स्थानिक लोक पूर्वापार सोने धूत आले होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताच्या सोन्याच्या क्षेत्रांचा अनुभव असलेले रॉबर्ट ब्रो स्मिथ यांनी सरकारच्या वतीने या भागाची पाहणी केली आणि अनुकूल अहवाल दिला. पाठोपाठ लंडनच्या बाजारात सट्ट्याची लाट उसळली. थोड्याच काळात तीसहून अधिक कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांचे नाममात्र भांडवल सुमारे ५० लाख पौंडांपर्यंत गेले. त्यातील बराच भाग जमिनीच्या खरेदीत गेला, उरल्यातून दगड कुटण्याची अवजड यंत्रे मागविण्यात आली आणि ती घाट चढवून पंडलूरच्या आसपास बसविण्यात आली.

यंत्रे चालू झाल्यावर जे आढळले ते यंत्रे मागविण्यापूर्वी कळावयास हवे होते. शिरा रुंद होत्या, पण त्यांचा सरासरी कस फारच कमी होता. पृष्ठभागाजवळ गंजून मोकळे झालेले सोने हाताने निवडलेल्या नमुन्यांत चांगले दिसे; खाली पायराइटमध्ये अडकलेले सोने लागले, आणि पाऱ्याच्या तांब्याच्या पत्र्यांवरून ते तसेच वाहून गेले. दोन-तीन वर्षांत बहुतेक कंपन्या बुडाल्या. उरलेली काही यंत्रे जंगलात गंजत पडली.

वायनाडच्या अपयशाचे खापर पुष्कळदा सट्टेबाजीवर फोडले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. सट्टा नसता तरी ती गिरणी त्या दगडाला चालली नसती. येथे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. निवडक नमुन्यांवरून सरासरी ठरविण्यात आली. वरच्या गंजक्या दगडावरून खालच्या ताज्या दगडाचे अनुमान करण्यात आले. आणि सोने कोणत्या खनिजाच्या संगतीत आहे हे न पाहता पद्धत आधीच ठरवून टाकण्यात आली. यांतील प्रत्येक चूक पुढेही अनेक ठिकाणी पुन्हा घडलेली आहे.

३. सायनाइड पद्धती : चोथ्याचे धातुक झाले

पायराइटमधील सोन्याचा प्रश्न जगभर सारखाच होता. दगड भाजून क्लोरीन वायूने सोने विरघळविण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ज्ञात होती, आणि क्वीन्सलँडमधील माउंट मॉर्गन येथे ती मोठ्या प्रमाणावर वापरलीही गेली. परंतु भाजण्यास लागणारे जळण आणि क्लोरीनचा खर्च यांमुळे ती चांगल्या कसाच्या दगडालाच परवडे.

या कोंडीतून वाट निघाली ती ग्लासगो येथे. जॉन स्ट्युअर्ट मॅकआर्थर हा रसायनज्ञ आणि रॉबर्ट व विल्यम फॉरेस्ट हे दोन वैद्यबंधू यांनी १८८७ साली सायनाइड पद्धतीचे पेटंट घेतले. सायनाइडच्या द्रावात सोने विरघळते हे शास्त्रज्ञांना त्यापूर्वी शंभर वर्षे ठाऊक होते. त्या क्रियेला हवेतील ऑक्सिजन लागतो हे एल्सनरने १८४६ साली दाखविले होते. आणि सोन्याचा मुलामा चढविण्याच्या धंद्यात हे ज्ञान १८४० पासून वापरातही होते. मॅकआर्थर आणि फॉरेस्ट यांची खरी कामगिरी वेगळी होती. अत्यंत पातळ द्रावसुद्धा हे काम करतो आणि तो दगडातील इतर घटकांपेक्षा सोन्याला आधी धरतो, हे त्यांनी दाखवून दिले. द्राव पातळ, म्हणून खर्च थोडा. खर्च थोडा, म्हणून कमी कसाचा दगडही आवाक्यात. विरघळलेले सोने जस्ताच्या किसावर पुन्हा घनरूपात उतरविण्याची युक्ती त्यांनी लगेच पुढे जोडली.

न्यूझीलंडमधील कारंगाहाके येथे १८८९ साली ही पद्धत प्रथम व्यापारी प्रमाणावर वापरात आली. खरी कसोटी लागली ती दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड क्षेत्रावर. तेथे १८८६ साली सोने सापडले होते. पण खाणी खोल जाऊन पायराइटयुक्त दगड लागताच पाऱ्याच्या पत्र्यांवरून सोने निसटू लागले आणि १८८९–९० मध्ये कंपन्यांचे भाग कोसळले. १८९० साली तेथे सायनाइड आले. ज्या चोथ्याला खाणीवर टेलिंग म्हणतात आणि जो तोवर गिरणीमागे टाकून दिला जात असे, तोच आता पुन्हा पिंपांत भरला जाऊ लागला. या पद्धतीवर कंपन्यांना द्यावे लागणारे स्वामित्वशुल्क इतके जाचक वाटले की पेटंटविरुद्ध मोठा खटला झाला, आणि १८९६ साली ट्रान्सवालमध्ये ते रद्द ठरले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. १८८७ पूर्वी आणि १८९० नंतर तो दगड एकच होता. त्याचा कस तसूभरही वाढला नव्हता. बदलले होते ते सोन्यापर्यंत पोहोचण्याचे साधन. कस ही दगडाची निव्वळ भौतिक मोजदाद असली, तरी 'अल्पकस' हे विशेषण त्या मोजदादीतून निघत नाही. ते दगड, पद्धत, पाणी, जळण आणि बाजारभाव यांच्या परस्परसंबंधातून निघते.

४. कोलार आणि हट्टी

भारतात या संबंधाचा सर्वांत दीर्घ अनुभव कोलारचा आहे. १८८० साली जॉन टेलर आणि सन्स या संस्थेने तेथील कामात प्रवेश केला, तेव्हा कोलारचीही गत वायनाडसारखीच होणार अशी चिन्हे होती. भांडवल संपत आले असताना जुन्या लोकांच्या खोदकामाखाली खोल जाऊन चँपियन शीर सापडली, आणि चित्र पालटले. कोलारचे दैव दोन बाबतींत उजवे होते. कस उंच होता, आणि सोने बव्हंशी मोकळे असल्याने साध्या कुटाई-पारदमेलनाने ते बरेचसे हाती येई. जे निसटे त्यासाठी पुढे सायनाइडची जोड मिळाली.

पद्धतीची किंमत केवळ रसायनांत नसते, हेही कोलारने दाखविले. कुटाईची शक्ती कोठून आणावयाची हा तेथील मोठा प्रश्न होता. लाकूडफाटा आणि दुरून आणलेला कोळसा महाग पडे. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथून सुमारे ९२ मैलांवरून वीज कोलारला पोहोचली. दगड तोच राहूनही टनामागील खर्च उतरला.

कोलारच्या खाणी पुढे ३,००० मीटरहून अधिक खोल गेल्या. १९५६ साली त्या म्हैसूर राज्याने ताब्यात घेतल्या, १९६२ साली त्या केंद्र सरकारकडे गेल्या आणि १९७२ साली भारत गोल्ड माइन्स ही कंपनी स्थापन झाली. खोली वाढत गेली, कस उतरत गेला आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम थांबले. सुमारे १२० वर्षांत तेथून अंदाजे ८०० टन सोने निघाले. मागे राहिले ते चोथ्याचे डोंगर. स्थानिक भाषेत त्यांचे नाव 'सायनाइड डंप'. या १३ ढिगांत सुमारे ३.३ कोटी टन चोथा असून त्यात टनामागे ग्रॅमहूनही कमी सोने उरलेले आहे. २०२४ साली या ढिगांतून पुन्हा सोने काढण्याच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने मान्यता दिली. चोथा पूर्वीच पीठ केलेला आहे, म्हणजे खाणकाम व दळण हे दोन्ही मोठे खर्च होऊन गेलेले आहेत. म्हणून एवढ्या कमी कसाचाही विचार होऊ शकतो. झारेकऱ्याचा केर आणि कोलारचा डोंगर यांचे अर्थशास्त्र एकच आहे. या डोंगरांची धूळ मात्र शंभर वर्षे वाऱ्याबरोबर वस्तीत जात राहिली, आणि ती कोणत्याही टनामागील खर्चात धरलेली नव्हती.

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील, रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथील अनुभव निराळा आहे. प्राचीन लोकांनी तेथे सहाशे फुटांहून खोल खोदकाम केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सुरू झालेले काम पहिल्या महायुद्धानंतर थांबले, १९४७ मध्ये ते पुन्हा हाती घेण्यात आले, आणि ती खाण अद्याप चालू आहे. अल्पकस सोन्याच्या दृष्टीने हट्टीचा धडा असा की, आसपासच्या ऊटी आणि हिरा–बुद्दिनी यांसारख्या लहान साठ्यांचा दगड वाहून आणून मध्यवर्ती गिरणीत शोधला जातो. स्वतंत्र गिरणीचा भार जो साठा उचलू शकत नाही, तो शेजारच्या गिरणीच्या आधाराने धातुक ठरतो.

५. विसाव्या शतकातील तीन साधने

विसाव्या शतकात अल्पकस सोन्याच्या शोधनात तीन साधनांची भर पडली. पहिले प्लवन. दळलेल्या खनिजाच्या राबड्यात तेलकट रसायन व हवा सोडली की सल्फाइड खनिजांचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे १९०५ च्या सुमारास जस्ताच्या चोथ्यासाठी ही रीत रूढ झाली. सोने पायराइट वा आर्सेनोपायराइटच्या संगतीत असेल, तर या रीतीने संपूर्ण दगडाऐवजी त्याच्या पाच-दहा टक्के सांद्रावरच पुढील खर्चिक प्रक्रिया करणे शक्य होते. सोने सल्फाइडच्या स्फटिकात अदृश्य रूपाने असेल, तर त्या सांद्राला भाजावे लागते, किंवा १९८० च्या दशकात व्यवहारात आलेल्या दाब-ऑक्सिडीकरण व जीवाणू-ऑक्सिडीकरण यांतून न्यावे लागते.

दुसरे साधन क्रियाशील कोळसा. सायनाइड द्रावातील सोने कोळसा शोषून घेतो हे जुने ज्ञान; परंतु कोळशातून ते पुन्हा सोडवून कोळसा परत वापरण्याची सोय १९५० च्या दशकात झाली, आणि १९७३ साली अमेरिकेतील होमस्टेक खाणीवर ही रीत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. या कामी नारळाच्या करवंटीचा टणक कोळसा उत्तम ठरला. राबडा गाळून स्वच्छ द्राव मिळविण्याचा खर्च यामुळे वाचला; चिकण राबडा देणाऱ्या धातुकांना ही मोठीच सवलत होती.

तिसरे ढीग-निक्षालन. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेवाडा राज्यात ही रीत पुढे आली. येथे दगडाचे पीठ करावे लागत नाही. खडीएवढा फोडलेला दगड अभेद्य तळावर ढीग करून रचतात, त्यावर पातळ सायनाइड द्राव ठिबकवितात आणि खाली जमणाऱ्या द्रावातून कोळशाने सोने काढतात. सोने हाती येते ते पन्नास ते ऐंशी टक्के. पण दळण वाचल्याने टनामागे एक ग्रॅमच्या आसपासचा दगडही परवडू लागला. सोन्याचा भाव १९३४ पासून औंसाला ३५ डॉलरवर बांधलेला होता. १९७१ नंतर ते बंधन सुटले आणि जानेवारी १९८० मध्ये भाव ८५० डॉलरवर पोहोचला. पद्धत आणि भाव यांच्या या जोडीने जगभरचे अनेक टाकलेले साठे पुन्हा नकाशावर आणले.

याच काळात पारा मागे पडला. पाऱ्यावरील निर्बंधांचा मिनामाटा करार २०१७ साली अमलात आला आणि भारताने तो २०१८ मध्ये अनुसमर्थित केला. झारेकऱ्याच्या मुशीतून उडणारी वाफ कोणाच्या फुप्फुसात जात होती, याची दखल अखेर आंतरराष्ट्रीय कायद्याने घेतली.

६. हिशेबाची रीत

पद्धतींची तुलना रुपयांत केली तर भाव बदलताच ती जुनी होते. म्हणून टनामागील खर्च सोन्याच्या ग्रॅममध्ये मांडणे सोयीचे पडते. पुढील आकडे कोणत्याही प्रत्यक्ष साठ्याचे नसून केवळ रीत स्पष्ट करण्यासाठी कल्पिलेले आहेत.

समजा, खाणकामाचा खर्च टनामागे ०.४० ग्रॅम सोन्याएवढा आहे. दगड दळून सायनाइडने शोधण्यास ०.७० आणि चोथा साठविण्यास ०.२० ग्रॅम लागतात, एकूण १.३० ग्रॅम, आणि हाती येते ९० टक्के सोने. ढीग-निक्षालनात फोडणे, रचणे व ठिबकविणे यांस ०.२५ आणि साठवणीस ०.१० ग्रॅम, खाणकामासह एकूण ०.७५ ग्रॅम, आणि हाती येते ६० टक्के. दगड टनाला २ ग्रॅम कसाचा असेल तर गिरणीतून १.८० ग्रॅम मिळून ०.५० उरतो, ढिगातून १.२० मिळून ०.४५ उरतो, गिरणी किंचित सरस. दगड १.४ ग्रॅम कसाचा असेल तर गिरणीला १.२६ ग्रॅम मिळून ०.०४ चा तोटा होतो, ढिगाला ०.८४ मिळून ०.०९ उरतो. अधिक सोने वाया घालविणारी पद्धत येथे अधिक काटकसरीची ठरते. 'जास्तीत जास्त सोने काढणारी पद्धत उत्तम' हा सामान्य समज कसा फसवा आहे, हे यावरून दिसते. टनामागे ०.१२ ग्रॅमचा एखादा खर्च ढिगाच्या हिशेबातून सुटलेला असेल, तर तोही तोट्यात जातो. अल्पकस धातुकात नफ्याची पट्टी इतकी अरुंद असते की सुटलेली एक बाब निर्णय उलटा करते.

वैनगंगेच्या खोऱ्यात अशी सुटण्याजोगी बाब कोणती, हे शोधण्यास दूर जावे लागत नाही. ती पाऊस होय. ढीग-निक्षालन वाढले ते नेवाडाच्या रखरखीत मुलखात, जेथे ढिगातून पाणी उडून जाण्याचीच चिंता अधिक. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. एक हेक्टर ढिगावर एका वर्षात सुमारे १३,००० घनमीटर, म्हणजे १.३ कोटी लिटर पाणी पडेल. हे पाणी द्रावात मिसळून तो पातळ करील आणि साठवणीची तळी भरून टाकील. तळी फुटू न देण्यासाठी ती मोठी बांधावी लागतील, ढीग झाकावे लागतील, जादा पाण्यातील सायनाइड नष्ट करूनच ते सोडावे लागेल. हा सर्व खर्च नेवाडाच्या कोष्टकात नाही. शिवाय पृष्ठभागाजवळचा दगड येथे उष्ण-दमट हवेत कुजून चिकण झालेला असतो. अशा दगडात द्राव झिरपत नाही. तो सिमेंट वा चुन्याबरोबर मळून त्याच्या गोळ्या कराव्या लागतात, हाही खर्च वाढतो.

साठवण चुकली तर काय होते, याची उदाहरणे जगाने पाहिलेली आहेत. अमेरिकेतील समिटव्हिल येथील ढीग-निक्षालनाची खाण १९९२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीत सोडली आणि दूषित पाणी आवरण्याचा भार सरकारी तिजोरीवर आला. ३० जानेवारी २००० रोजी रोमानियातील बाया मारे येथे चोथ्याच्या तळ्याचा बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी टिसा नदीवाटे डॅन्यूबपर्यंत गेले. बांध फुटण्याआधी तेथे जोराचा पाऊस आणि बर्फ वितळणे ही दोन्ही कारणे एकत्र आली होती. अड्याळच्या परिसरात पाण्याचा प्रत्येक उतार कोठल्यातरी तलावाला, तलावातून धानाच्या बांधीला आणि अखेरीस वैनगंगेला मिळतो. पवनीजवळ त्याच नदीवर गोसीखुर्दचा प्रकल्प उभा आहे. येथे साठवणीचा खर्च हा हिशेबातील शेवटचा फुटकळ आकडा नसून पहिला आकडा असावयास हवा.

या परिस्थितीत तिसरा मार्ग विचारार्ह ठरतो. सोने सल्फाइडच्या संगतीत आहे असे परीक्षणात आढळले, तर दगड दळून आधी गुरुत्व-पृथक्करणाने मोकळे सोने काढावे, आणि उरलेल्यावर प्लवन करावे. समजा, २ ग्रॅम कसाच्या दगडातील ८५ टक्के सोने दगडाच्या ५ टक्के वजनात गोळा झाले. तर त्या सांद्राचा कस टनाला ३४ ग्रॅम होतो, आणि वीस गाड्या दगडाऐवजी एक गाडी सांद्र शिल्लक राहते. ती एक गाडी हट्टीच्या उदाहरणाप्रमाणे एखाद्या मध्यवर्ती कारखान्यात नेता येते. दळणाचा खर्च यात टळत नाही, प्लवनाच्या चोथ्यातही सल्फाइडचे अवशेष राहतात आणि त्याची निगा घ्यावीच लागते. पण सायनाइड खोऱ्यात आणण्याची गरज उरत नाही. सोने सल्फाइडमध्ये नसून मोकळे असेल, तर हा मार्ग निरर्थक ठरतो आणि साधे गुरुत्व-पृथक्करणच बरेचसे काम करून जाते. दगडात तांबे असेल तर तेच सायनाइड खाऊन टाकते आणि गिरणीचे गणित कोसळते. निर्णय कोणत्याही दिशेने झाला तरी त्याच्या आधी सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षण आणि प्रायोगिक चाचणी येते.

अशा चाचण्यांची सोय विदर्भाला परकी नाही. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात असून तेथे धातुक-शोधनाची प्रयोगशाळा व प्रायोगिक संयंत्र आहे. खनिजांचे अन्वेषण करणारे केंद्रीय महामंडळही नागपूरचेच. वायनाडच्या भागधारकांना जे ज्ञान समुद्रापार शोधावे लागले आणि तरीही मिळाले नाही, ते या खोऱ्यापासून एका दिवसाच्या वाटेवर उपलब्ध आहे.

७. समारोप

अल्पकस सोन्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासातून निर्णयाचा एक क्रम निष्पन्न होतो. सोने दगडात कोणत्या रूपाने आहे हे प्रथम. ते किती आहे आणि सलग किती आहे हे त्यानंतर. पाणी, वीज व वाहतूक यांचा विचार तिसरा. पद्धतीची निवड चौथी. आणि यंत्रांची खरेदी सर्वांत शेवटी. वायनाडने हा क्रम उलटा केला आणि भांडवल गमावले. कोलारने तो बराचसा पाळला, परंतु चोथ्याचा हिशेब पुढच्या पिढ्यांवर सोडला.

काटकसर या शब्दाचा अर्थही या इतिहासात बदलत गेलेला दिसतो. सोनझऱ्याच्या काळात कुटुंबाची मजुरी हिशेबात नव्हती. सायनाइडच्या आरंभीच्या काळात नदी व हवा हिशेबात नव्हती. आज त्या धरल्या जातात, आणि त्या धरल्यावर काही साठे धातुक राहत नाहीत. ही विज्ञानाची पीछेहाट नव्हे. हिशेब पूर्ण होत आल्याचे ते लक्षण होय. साकोली गटाच्या खडकांतील सोने कोट्यवधी वर्षे तेथे आहे, आणि योग्य पद्धत हाती येईपर्यंत ते तेथे राहिल्याने कोणाचे काहीच बिघडत नाही. खोऱ्यातील धानाला मात्र पाणी दर वर्षी लागते, आणि ते स्वच्छच लागते.